गेलेले नेट आपले आपण परत यावे!

माझी आत्या वाराणसीत राहते. ब्रह्माघाटाजवळच्या एका अरुंद गल्लीत, जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर. वय अठ्ठ्याहत्तर. यजमान जाऊन आठ वर्षे झाली. एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, नोकरीनिमित्त बंगळुरूला. रोज रात्री आठ वाजता मायलेकींचे मोबाईलवर बोलणे होते, तेही एकमेकींचे तोंड पाहत. रक्तदाबाची गोळी घेतली का, आज गंगेला पाणी किती, दूधवाल्याने किती खाडे केले, हे सगळे त्या अर्ध्या तासात उरकते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री आठ वाजता आत्याचा चेहरा दिसलाच नाही. नऊ वाजले, दहा वाजले. साधा फोन लावला तर जुन्या वाड्याच्या जाड भिंतींत रेंज नाही. शेवटी आतेबहिणीने गल्लीतल्या एका ओळखीच्या मुलाला वर पाठवले. आत्या जमिनीवर बसली होती, उजवे मनगट धरून. नेट गेले म्हणून ती स्टुलावर चढली होती. राउटर दारावरच्या उंच फळीवर. गच्चीतून येणाऱ्या माकडांच्या हाती लागू नये म्हणून तो तिथे ठेवला होता. नेट गेले की त्याचे बटण बंद करायचे, थोडे थांबायचे, पुन्हा चालू करायचे, एवढे तंत्रज्ञान आत्याला येत होते. त्या रात्री स्टूल घसरले. मनगटाचे हाड मोडले.

दुसऱ्या दिवशी आतेबहिणीने निकाल दिला, "आई, आता बास झालं. तू कायमची इकडेच ये."

आत्या म्हणाली, "मी काही क्षेत्रसंन्यास घेतलेला नाही. पण पन्नास वर्षांनी पाय निघतात का गं इथून?"

वाचकहो, हात तर सहा आठवड्यांत बरा झाला. पण आत्याचे काशीत राहणे त्या फळीवरच्या डबीवर येऊन ठेपले. नेट गेल्यावर ते कोणी हात न लावता परत येणार असेल, तर लेक निर्धास्त आणि आई आपल्या घरी. नसेल, तर सामान बांधायचे. दिवाळीच्या सुटीत मी वाराणसीला गेले ती याच कामासाठी.

नेट जाणारच!

पहिली गोष्ट ही की, नेट कधीच जाऊ नये अशी अपेक्षा ठेवू नका. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा काशीतला जुना मराठी भाग. नाना फडणविसांचा वाडा इथलाच. पेशवाईच्या काळापासून आलेली मराठी घरे अजून या भागात आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाय आली तर माणसाने उंबऱ्यावर चढावे. अशा ठिकाणी तारा टाकणार कुठे? २०१८ साली जुन्या काशीत विजेच्या तारा जमिनीखाली नेण्याची मोठी योजना पूर्ण झाली. नेटच्या तारा मात्र आत्याच्या गल्लीत अजून डोक्यावरूनच जातात, या गच्चीवरून त्या गच्चीवर.

आणि गच्च्यांवर राज्य माकडांचे. ही काही आत्याची कुरकूर नव्हे. २०१५ साली वाराणसीच्या घाटांवर वाय-फाय सुरू करताना नदीकाठाने ऑप्टिकल फायबरची केबल टाकली होती. दोन महिने व्हायच्या आत माकडांनी ती कुरतडून टाकली आणि पुन्हा नवी टाकावी लागली. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्या एप्रिलमध्ये ही बातमी जगभर दिली. जमिनीखाली केबल टाकायला जागा नाही, देवळे हलवता येत नाहीत आणि माकडांना हात लावता येत नाही, अशी तिथल्या अभियंत्यांची अडचण होती.

आपल्याकडे माकडे नसतील, पण रस्ता खोदणारे असतात, वादळ असते, उंदीर असतात आणि वीज तर सगळीकडे जाते. तेव्हा नेट जाईलच. प्रश्न एवढाच की, ते परत आणायला स्टुलावर कोणी चढायचे?

ही जुनी खोड कुठून आली?

आजही अनेक राउटरमध्ये अशी सोय असते की, काही मिनिटे कोणी नेट वापरले नाही तर ते आपोआप तुटावे. आज ही सोय वेडेपणाची वाटते, पण तिच्यामागे हिशेब होता. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवून मिळत असे. खाते २५० तासांचे, त्याची वार्षिक फी हजारो रुपयांत आणि शिवाय टेलिफोनचे कॉल वेगळे. नेट चालू ठेवून कोणी जेवायला बसले तर तेवढे तास आणि तेवढे कॉल वाया. म्हणून काम नसताना लाईन तोडणारे यंत्र गुणी ठरले आणि आपण होऊन पुन्हा नंबर फिरवणारे यंत्र उधळे.

२००५ साली भारत संचार निगमचे ब्रॉडबँड आले, पुढे फायबर आले. तासांचा हिशेब संपला. पण काटकसरीच्या काळातली ती कळ यंत्रांत तशीच राहिली. कोणी तरी ती बदलेपर्यंत ती आपले जुने काम इमानाने करत राहते.

यंत्राला कळतच नाही

आता नेट जाते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. घरातल्या नेटच्या साखळीत तीन कड्या असतात. पहिली, मोबाईल ते राउटर. ही वाय-फायची. दुसरी, घर ते कंपनी. ही तारेची किंवा फायबरची. तिसरी कडी डोळ्यांना दिसत नाही. ती हजेरीची. अनेक कंपन्यांच्या जोडणीत राउटर आपले नाव आणि परवलीचा शब्द कंपनीच्या यंत्राला सांगतो, तिथे त्याची नोंद होते, मगच नेट सुरू होते. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. संगणकावर पूर्वी 'कनेक्ट' म्हणून बटण दाबत होतो, ते हेच.

आत्याच्या घरी घोळ नेमका इथे होता. गल्लीतून येणारे फायबर भिंतीवरच्या एका पांढऱ्या डबीत येते. तिला ओ.एन.टी. म्हणतात. त्या डबीतून एक छोटी वायर राउटरला. आता बाहेर फायबर हलले आणि दोन मिनिटे प्रकाश आला नाही, तर ओ.एन.टी.ला ते कळते. पण राउटरची वायर ओ.एन.टी.पर्यंतच. ती तर जागेवर घट्ट. त्याच्या मते सगळे ठीक! तिकडे कंपनीच्या वहीतून हजेरी खोडली गेली आणि इकडे राउटर आपण हजर आहोत या समजुतीत बसलेला. फायबर परत आले तरी तो पुन्हा नाव सांगायला जात नाही. त्याला झोपेतून उठवायला बटण बंद-चालू करावे लागते. त्याच बटणापायी आत्याचा हात मोडला.

यावर उपायही राउटरमध्येच असतो. वाड्यात कसे, चौकातून वर हाक मारतात, "आहात का हो?" वरून "ओ" आली की ठीक. दोन-चार हाकांना ओ आली नाही की माणूस जिना चढून पाहतो. राउटरही दर काही सेकंदांनी कंपनीच्या यंत्राला अशी हाक मारू शकतो. उत्तर येईनासे झाले की जुनी जोडणी सोडून तो नवी हजेरी लावायला जातो. आत्याच्या राउटरमध्ये या हाकेच्या जागी शून्य लिहिलेले होते. शून्य म्हणजे हाक मारूच नको. शिवाय वापर नसेल तर पंधरा मिनिटांनी तुटण्याची कळही चालूच होती.

उलटाही प्रकार होतो. वीज अचानक गेली की राउटर निरोप न घेताच बंद पडतो. कंपनीच्या वहीत तो अजून हजर असतो. वीज आल्यावर तो पुन्हा नाव सांगतो, तेव्हा कंपनी म्हणते, या नावाचा गृहस्थ आत आहे, दुसऱ्याला प्रवेश नाही. थोड्या वेळाने जुनी नोंद आपोआप खोडली जाते. पण तोवर माणूस दोनदा प्रयत्न करतो, परवलीचा शब्दच चुकला असे समजतो आणि नको ती बटणे दाबतो. यंत्र मात्र कंटाळत नाही. ते थोड्या थोड्या वेळाने दार वाजवत राहते. म्हणून हे काम त्याच्याकडेच सोपवावे.

एका दुपारचे काम

हे काम करायला इंजिनिअर लागत नाही. कॉलेजात जाणारा भाचा किंवा पुतणी पुरे.

१. हजेरी कोण लावते ते आधी पाहा. रोज संगणकावर 'कनेक्ट' दाबावे लागत असेल तर हजेरी संगणक लावतो आहे. तो बंद तर नेट बंद. कंपनीला सांगून हे काम राउटरकडे द्या. तोवर संगणकावरील त्या जोडणीच्या पर्यायांत 'रीडायल इफ लाईन इज ड्रॉप्ड' असे काही दिसले तर ते चालू करा आणि किती वेळ वापर नसता तोडायचे या जागी 'नेव्हर' निवडा.

२. राउटरचे पान उघडा. राउटरच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. राउटरच्या वाय-फायवर असताना मोबाईल किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाका. पानाचे नाव आणि परवलीचा शब्द त्याच कागदावर असतो, किंवा जोडणी करणाऱ्याला विचारा. काहीही बदलण्यापूर्वी आहे त्या पानाचा फोटो काढून ठेवा. चुकले तर पूर्ववत करता येते.

३. 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या विभागात जोडणीचे तीन पर्याय सापडतील. 'ऑलवेज ऑन' किंवा 'कनेक्ट ऑटोमॅटिकली', 'कनेक्ट ऑन डिमांड' आणि 'मॅन्युअल'. पहिला निवडा. जवळच 'आयडल टाईम' असेल तर तिथे शून्य टाका. इथे शून्य म्हणजे कधीच तोडू नको.

४. आता हाकेची जागा शोधा. कुठे तिला 'कीप अलाइव्ह' म्हणतात, कुठे 'एल.सी.पी.', कुठे 'डिटेक्ट ऑनलाइन इंटर्व्हल'. तिथे शून्य असेल तर तीस सेकंद टाका. गंमत पाहा, वरच्या जागी शून्य चांगले आणि या जागी वाईट! म्हणून घाई करू नका. सगळे नीट वाचून 'सेव्ह' दाबा.

५. परीक्षा घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचे आणि बहुतेक जण नेमके हेच विसरतात. आधी ओ.एन.टी.चा वीजपुरवठा बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. राउटरला हात लावू नका. पाच-सात मिनिटांत नेट आपोआप आले पाहिजे. मग घराचा मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि तेच पाहा. दोन्ही वेळा हात न लावता नेट आले, तरच काम झाले. फायबरची बारीक वायर मात्र परीक्षेसाठी उपसू नका, तिचे टोक नाजूक असते.

६. मोबाईल विसरू नका. घरच्या वाय-फायच्या नावापुढे 'ऑटो कनेक्ट' किंवा 'ऑटो जॉइन' चालू हवे. नाही तर राउटर बिचारा परत येतो आणि मोबाईलच रुसून बसतो.

काही राउटरमध्ये रोज ठरल्या वेळी आपोआप बंद होऊन सुरू होण्याची सोय असते. जुना राउटर चार-आठ दिवसांनी अडकत असेल तर पहाटे चारची वेळ लावून ठेवावी. पण हा शेवटचा उपाय. वर सांगितलेल्या दोन जागा आधी पाहा.

विजेचे काय?

पूर्वी दिवे गेले तरी घरचा काळा फोन चालत असे, आठवते? कारण त्याला लागणारी थोडीशी वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून तांब्याच्या तारेतूनच येत असे. फायबर ही काच. तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. म्हणजे घरची वीज गेली की फायबर शाबूत असूनही नेट जाते.

घरी इन्व्हर्टर असेल तर ओ.एन.टी. आणि राउटर या दोघांचेही प्लग त्यावर हवेत. अनेकदा एकच असतो आणि मग लोक कंपनीला बोल लावतात. काही इन्व्हर्टर विजेवरून बॅटरीवर जाताना क्षणभर अडखळतात. पंख्याला ते कळत नाही, पण राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अशा वेळी राउटरसाठीचा छोटा यू.पी.एस. उपयोगी पडतो. घेण्यापूर्वी राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. बहुतेक राउटर बारा व्होल्टचे असतात, पण सगळे नव्हेत. चुकीचा जोडला तर यंत्र जळेल.

जिथे यंत्राचे चालत नाही

आपोआप म्हणजे सर्वशक्तिमान नव्हे. ओ.एन.टी.वर 'एल.ओ.एस.' लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. केबल तुटली आहे किंवा फार वाकली आहे. तिथे शंभर वेळा बटण दाबून उपयोग नाही, कंपनीलाच फोन करायला हवा. महिन्याचे पैसे संपले असतील तरी राउटर रात्रभर दार वाजवत बसेल, दार उघडणार नाही. तेव्हा पैसे भरण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. आणि राउटरच्या मागचे टाचणीने दाबायचे बारीक बटण कधीही दाबू नका. त्याने नाव आणि परवलीचा शब्दही पुसला जातो आणि राउटर कोरा होतो.

आत्याच्या घरी हे सगळे करायला मला एक दुपार लागली. त्यातला निम्मा वेळ परवलीचा शब्द शोधण्यात गेला. तो आत्याने पंचांगाच्या मागच्या पानावर, धोब्याच्या हिशेबाखाली लिहून ठेवला होता. राउटर दारावरच्या फळीवरून काढला आणि मधल्या खोलीतल्या कोनाड्यात, तिच्या छातीच्या उंचीवर, जाळीच्या दाराआड ठेवला. शेजारी मोठ्या अक्षरांत कागद लावला: लाल दिवा लागला तर या नंबरवर फोन करणे, बाकी काही न करणे. स्टूल खाली शेजारणीला देऊन टाकले.

संध्याकाळी परीक्षा घ्यायची म्हणून मी मेन स्विच बंद केला. आत्या अंधारात पदर सावरून बसली. "मी काही करायचं नाही ना?" तिने दोनदा विचारले.

"काही नाही. नुसती बसून राहा," मी म्हटले.

स्विच चालू केला. एक दिवा लागला, दुसरा लागला, तिसरा बराच वेळ लुकलुकत राहिला. चार मिनिटांनी तो स्थिर झाला. आठ वाजता बंगळुरूहून फोन आला. बोलणे मध्येच एकदा तुटले. गल्लीत कुठे तरी वानरसेना धावली असावी. आत्याने सवयीने दारावरच्या फळीकडे पाहिले, मग रिकाम्या फळीवरून नजर काढून हातातल्या वातीकडे वळवली. तिच्या तीन वाती वळून होतात तोच मोबाईल पुन्हा वाजला.

"आई, काय झालं होतं?"

"काही नाही गं. गेलं होतं, आलं. तू सांग, जेवलीस का?"

बंगळुरूला जाण्याचा विषय त्या रात्री निघाला नाही. पुढे कधी निघेलच, वय कोणासाठी थांबत नाही. पण तो निर्णय आत्याच्या तब्येतीने आणि तिच्या मनाने व्हावा, एका चुकीच्या शून्यामुळे होऊ नये. तुमच्याही घरी किंवा गावी असे कोणी एकटे राहत असेल, तर पुढच्या भेटीत मिठाईच्या पुड्याबरोबर एक दुपार त्यांच्या राउटरसाठी राखून ठेवा. आणि घरातले स्टूल कुठे आहे तेही पाहून या.